पाच वाजताचा पंचा

चढायला चव्वेचाळीस पायऱ्या आणि उतरायला चव्वेचाळीस. मध्ये चौतीस पावलांचा सपाट लोखंडी पट्टा, फिकट हिरव्या रंगाचा, खालून ट्रक गेला की तळपायांना गुदगुल्या करणारा. एवढा तो पूल. आकडे मी ठासून सांगते आहे, कारण माझ्या आकड्यांवर घरात कुणाचा विश्वास नाही. पाहुणे आले की माझा नवरा त्यांना आधीच बजावतो, "हिची गोष्ट जरूर ऐका, फक्त आकडे दोनने भागा." बँकेत उभा जन्म गेलेला माणूस, भागाकार केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण या गोष्टीत भागाकार नको. पायऱ्या चव्वेचाळीसच होत्या. मी त्या मोजल्या आहेत, आणि एके दिवशी तर गरजेपेक्षा फारच जास्त वेळा मोजल्या आहेत.

गेल्या महिन्यात तो पूल काढला. लेकीने फोनवर फोटो पाठवला, खाली जपानीत एकच ओळ, "आई, तुझा पूल." दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही आता राहतो त्या उरायासुहून मी सायकल काढली, नदी ओलांडली आणि आमच्या जुन्या वस्तीत गेले. मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तर जागा ओळखूच येईना. जिथे पूल होता तिथे नुसतं आकाश. जिन्यांचे पाय जिथे रुतले होते तिथे ताज्या सिमेंटचे चौकोन, अजून ओलसर वाटणारे. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे इतके पांढरेशुभ्र की चप्पल काढून पाऊल ठेवावं. आणि एक नवा कोरा सिग्नल, हिरवा झाला की चिमणीसारखा चिवचिवणारा.

मी तळहात नाकाशी नेला. वास येण्याचं काही कारण नव्हतं, तरी आला. पावसात भिजलेल्या कठड्याच्या गंजाचा वास.

आम्ही जपानला आलो तेव्हा घर शोधण्याच्या खेळात रोज हरत होतो. एजंट घरमालकाला फोन लावायचा, फोनवरच दहा वेळा वाकायचा, मग फोन ठेवून आमच्याकडे बघत दातांच्या फटीतून सावकाश हवा आत ओढायचा. तो सुस्कारा ऐकला की आम्ही बूट घालायला उठायचो. कुणाला परदेशी माणसं नको होती, कुणाला फोडणीचा वास. शेवटी त्याने आवाज खाली आणून एक पत्ता दिला. म्हणाला, "तिथे कुणीही चालतं."

त्या दारात एक बुटकी, रुंद बाई उभी होती. सत्तरीची, केसांच्या घट्ट कुरळ्या गुंडाळ्या, अंगात फुलाफुलांचा एप्रन. या कानेदा-सान. त्यांनी पासपोर्ट पाहिला नाही, जामीनदार विचारला नाही. एकच प्रश्न टाकला.

"लसूण खाता?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इतके नकार पचवल्यावर हा प्रश्न सापळाच वाटत होता. तो अगदी सभ्यपणे खोटं बोलायच्या बेतात होता, तेवढ्यात मी म्हणाले, "रोज."

"मग राहा," कानेदा-सान म्हणाल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या.

कानेदा हे त्यांचं कागदावरचं नाव. घरात त्या किम. नदीच्या बांधाखालची ती सगळी गल्लीच कोरियन माणसांची होती. यांचे आईबाप फार पूर्वी इथे वाळू उपसायला, माती वाहायला आले होते, बांध घातला, आणि त्याच बांधाच्या सावलीत पत्र्याच्या खोल्या करून राहिले. मुलं इथेच जन्मली, नातवंडं इथेच जन्मली, तरी शहरातली माणसं गल्लीचा पत्ता सांगताना आवाज खाली आणतच राहिली. आमच्या पाठोपाठ अशाच सुस्काऱ्यांनी पिटाळलेली आणखी चार मराठी बिऱ्हाडं तिथे आली. संध्याकाळी एका खिडकीतून हिंगाची फोडणी आणि दुसऱ्या खिडकीतून कोळशावरच्या मांसाचा धूर निघायचा, दोन्ही वास गल्लीच्या मधोमध भेटायचे आणि कुणी कुणाची माफी मागायचं नाही.

थंडी सुरू झाली की कानेदा-सानांच्या मागच्या दारी कोबीचे डोंगर लागायचे. कोबीची पानं मिठात निजवायची, मग तिखट आणि लसूण लावून मडक्यांत भरायची, हिवाळाभर पुरेल अशी. लसूण सोलायचं काम आम्हा मराठी बायकांकडे. बोटं चुरचुरायची, नाकाच्या शेंड्याला गार वारा झोंबायचा, कुठूनतरी रॉकेल विकणाऱ्या गाडीचं गाणं यायचं. आणि कानेदा-सान लसणाच्या पाकळीबरोबर एकेक गोष्ट सोलायच्या.

"आधी नाव होती. नावाडी आम्हाला सगळ्यात शेवटी बसवायचा. मग नदीवर पूल झाला. वाळू बाबांनी उपसली. मग रेल्वे." इथे त्या सुरी वर रोखायच्या, कारण नेमकी तेव्हाच ग्योतोकुकडे जाणारी गाडी पुलावरून धडधडत जायची.

"आणि आपलं स्टेशन?" मी उगाचच विचारायची. उत्तर माहीत असायचं.

"स्टेशन पुढे."

"बसचा थांबा?"

"शेजारच्या वस्तीच्या नावाचा." पाकळी परातीत पडायची. "सगळं इथूनच गेलं, ओकु-सान. थांबलं काही नाही."

लग्न झालेल्या प्रत्येक बाईला त्या ओकु-सान म्हणायच्या. पाच जणी एकदम वळून बघायच्या.

मग तो मोठा रस्ता आला. कधी आला, इथूनच का काढला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या सांगायच्या ते गल्लीच्या मधोमध असलेल्या सार्वजनिक न्हाणीघराचं. त्याच्या धुराड्याचं. लाकडं जळल्याच्या वासाचं. लाकडी चपलांच्या टकटकीचं, ओल्या केसांनी घरी परतणाऱ्या मुलींचं. रस्ता त्या न्हाणीघरावरून गेला. शेवटच्या दिवशी न्हाणीघरवाल्याने घरटी एक पातळ सुती पंचा वाटला, पांढरा, त्यावर निळ्या वाफेच्या तीन रेघा. जपानीत त्याला तेनुगुई म्हणतात. आम्ही मराठी बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचा पंचा करून टाकला.

गल्लीचे दोन तुकडे झाले. कानेदा-सानांचं घर अलीकडे राहिलं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं पलीकडे. थोरल्या बहिणीला कोरियन भाषेत ओन्नी म्हणतात, म्हणून आम्ही सगळ्याच त्यांना ओन्नी म्हणायला लागलो. दोघी विधवा, दोघींचे गुडघे गेलेले. मध्ये न थांबणाऱ्या ट्रकांचा रस्ता आणि रस्ता ओलांडायला हा चव्वेचाळीस पायऱ्यांचा पूल. जवळचा सिग्नल इतका लांब की चांगल्या पायांनीसुद्धा जाऊन येऊन तास जावा.

"टॅक्सी करा ना," माझा नवरा एकदा म्हणाला.

"नव्या वर्षाला करतो," कानेदा-सान म्हणाल्या. "पण बहिणीकडे चहा प्यायला टॅक्सीने जातं का कुणी?"

त्याने भागाकार करून पाहिला असावा. पुन्हा बोलला नाही.

त्यांना एवढंच हवं होतं. सपाट रस्त्याने, काठी टेकत, आपल्या पायांनी बहिणीकडे चहाला जायचं, आणि कप विसळून परत यायचं. त्यासाठी एक सिग्नल हवा होता. वर्षानुवर्षं त्या रस्तेवाल्या कचेरीला सुबक अक्षरात पत्रं लिहीत होत्या आणि वर्षानुवर्षं सुबक अक्षरात नकार येत होते.

तोवर त्यांचं पाच वाजता चालायचं. इथे रोज संध्याकाळी पाचला खांबांवरच्या भोंग्यांतून एक संथ धून वाजते, खेळणाऱ्या मुलांनी घरी जावं म्हणून. ती धून सुरू झाली की कानेदा-सान न्हाणीघराचा पंचा घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. पलीकडे ओन्नी. मध्ये ट्रक, बस, पुन्हा ट्रक. मग एखादी फट पडायची आणि दोन्ही काठांवर दोन पंचे वर जायचे. पंचा एकदा वर म्हणजे आज ठीक आहे. दोनदा झटकला म्हणजे काहीतरी खायला केलंय, कुणाला तरी पाठव.

ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मी. उन्हाळ्यात कठडा तव्यासारखा तापायचा, शरदात कुठल्यातरी अंगणातल्या केशरी फुलांचा गोड वास पुलावर अडकून राहायचा, हिवाळ्यात पायऱ्यांवर बारीक काच पसरावी तसं दव गोठायचं. डबा घेऊन मी चढायची, उतरायची. पहिल्यांदा ओन्नींनी माझ्या पुढ्यात ताटली ठेवली तेव्हा मी चक्क ओरडलेच. मुगाचं धिरडं! भिजवून वाटलेल्या मुगाचं, कडेला कुरकुरीत. त्यात कांद्याची पात आणि पोटात एक आंबट कोबीचं पान. मी आमच्या गावचं धिरडं हातवारे करून समजावलं, ताटलीत नसलेला लोण्याचा गोळासुद्धा नाटक करून वाढला. ओन्नी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जाताना विचारायच्या, "ती गुडघ्याला लेप लावते का?" परत आल्यावर कानेदा-सान विचारायच्या, "ती औषध घेते का?" दोघींना मी एकच उत्तर द्यायची. हो. दोन्हीकडे ते थोडंसं खोटं असायचं.

एके दिवशी कानेदा-सान कागद फडकवत माझ्या दारात आल्या. कचेरीने या वेळी नकार दिला नव्हता. पुलावरून जाणाऱ्या माणसांची एक दिवस मोजणी होणार होती, मग सिग्नलचं ठरणार होतं.

आता, या पुढचं सगळं माझं कर्तृत्व.

मी बाकीच्या चौघींना माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि स्टुलावर उभी राहून भाषण केलं. खोटं नाही, स्टुलावर. म्हटलं, "बायांनो, आपल्याकडे काम कसं होतं? गर्दी दाखवल्यावर! पाच माणसं गेली तर साहेब चहा पितो, पाचशे गेली तर उठून उभा राहतो. त्या दिवशी पुलावर जत्रा दिसली पाहिजे."

"पण माणसं आणणार कुठून?" एकीने विचारलं.

"आपणच. पुन्हा पुन्हा."

"ओळखतील ना गं!"

"कपडे बदलून!"

कानेदा-सानांचं मागचं दार हा आमचा रंगपट. ऑक्टोबरचा स्वच्छ दिवस होता. पुलाच्या पायथ्याशी घडीच्या खुर्चीवर एक मध्यमवयीन बाई बसली होती, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, मांडीवर फळी, फळीवर मोजणीची यंत्रं. एक माणूस गेला की अंगठा दाबायचा, टिक. आम्ही सुरुवात केली. जीन्समध्ये गेलो, ओढणीत आलो. छत्री घेऊन गेलो, छत्रीशिवाय आलो. बाबागाडी तर इतक्या जणींनी ढकलली की आतल्या बाळाला आपली आई नक्की कोण हा प्रश्न पडला असेल. दुपारी मी पेटीतून नऊवारी काढली, नाकात नथ घातली आणि खालच्या ट्रकवाल्यांकडे बघत अशी काही पूल ओलांडला की दोन हॉर्न वाजले. त्या बाईने शांतपणे अंगठा दाबला. टिक. मग मान किंचित लववून म्हणाली, "दमला असाल."

तिला सगळं कळलं होतं. पण तिचं काम मोजण्याचं होतं.

चौदाव्या खेपेला आमची मुग्धा मध्येच पायरीवर बसली. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकवून आलेली, बोलायला सावकाश. दम खात म्हणाली, "अगं, मला एक सांग. पुलावर एवढी माणसं दिसली, तर पूल छान चाललाय असंच नाही का म्हणणार ते?"

"मुग्धा," मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "तुला देवळात नेलं तरी तू घंटेवर शंका काढशील. ऊठ!"

ती उठली. आजही वाटतं, उठली नसती तर बरं झालं असतं.

चारच्या सुमाराला कानेदा-सान बाहेर आल्या. चांगला कोट घातलेला, खांद्याला थर्मास, हातात काठी.

"तुम्ही कुठे?"

"मोजतायत ना? मग मीही एक आहे की."

त्यांनी काठी पहिल्या पायरीवर ठेवली. एक पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. श्वास. पुन्हा एक पाय. आम्ही पाच जणी मागे हात पसरून, लग्नात अंतरपाट धरावा तशा ताटकळत. अर्ध्या जिन्यावर त्या थांबल्या, कठड्याला कपाळ टेकवलं. मी म्हटलं, "पुरे आता, उतरू या." त्यांनी नुसती काठी वरच्या पायरीवर आपटली. वर पोचायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे, पण तेवढ्या वेळात आमच्यापैकी एकीलाही विनोद सुचला नाही.

आणि वर पोचल्यावर समोरच्या टोकाला, जिन्याच्या तोंडातून, एक पांढरं डोकं उगवलं. मग खांदे. मग फुलाफुलांचा एप्रन.

ओन्नी. त्या दिवसभर खिडकीतून आमची जत्रा बघत होत्या, आणि त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

दोघी मधोमध भेटल्या. मिठी वगैरे काही नाही. कानेदा-सानांनी बहिणीच्या एप्रनचं सुटलेलं बटण लावलं. ओन्नींनी त्यांच्या काठीकडे बघून नाक मुरडलं. "आईची काठी बरी होती हिच्यापेक्षा." मुग्धा धावत खाली गेली आणि जमिनीवर बसायच्या दोन गाद्या घेऊन आली. दोघी पुलाच्या मध्यावर बसल्या, थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने बार्लीचा चहा प्यायल्या. ट्रक गेला की पूल थरथरायचा आणि चहा झाकणाच्या काठापर्यंत यायचा, तसा दोघींचा हात एकदम झाकणाखाली जायचा. ये-जा करणारी माणसं बाजूने वळून, "माफ करा" म्हणत जात होती. उन्हं कलली. भोंग्यांतून पाचची धून सुरू झाली. सवयीने दोघींनी खिशातून पंचे काढले, आणि एका हाताच्या अंतरावर बसून, एकमेकींच्या तोंडासमोर वर केले.

हसून हसून ओन्नींना ठसका लागला.

खाली त्या मोजणाऱ्या बाईने दोघींसाठी दोनदा अंगठा दाबला होता.

कागद थंडीत आला. कानेदा-सानांनी भिंग लावून तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. पादचारी पुलाचा वापर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. परिसरातील नागरिकांना पूल सोयीचा वाटतो. वृद्ध: दोन, म्हणजेच वृद्ध व्यक्तीही पुलाचा वापर करतात. सबब, सिग्नलची आवश्यकता नाही.

'मी म्हटलं होतं ना' म्हणायचा हक्क मुग्धाचा एकटीचा होता, पण ती उठून कप मांडायला लागली. केटलीचं झाकण तेवढं खुळखुळत होतं. मला म्हणायचं होतं, कानेदा-सान, चुकलं माझं. सगळं जुळवून ओठांपर्यंत आणलं होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं, "चला, म्हणजे आपण जपानमधला सगळ्यात लोकप्रिय पूल तरी केला!"

सगळ्या हसल्या. कानेदा-सानही हसल्या. कागदाची नीट घडी करून त्यांनी एप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "चहा थंड होतोय."

ते न म्हटलेलं वाक्य मी पुढे फार वर्षं बाळगलं.

वसंत सरता सरता एक दिवस आला. पाचची धून वाजली, ट्रकांमध्ये फट पडली, कानेदा-सानांनी पंचा वर केला, आणि पलीकडे कुणी नव्हतं. दुसरी फट. तिसरी. मी शेजारीच भाजीची पिशवी घेऊन उभी होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओकु-सान, जा."

मी पिशवी तिथेच टाकली. चव्वेचाळीस पायऱ्या, चौतीस पावलं, चव्वेचाळीस पायऱ्या. ओन्नींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मूग भिजल्याचा वास. ओन्नी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, बाहेर पडायच्या तयारीत, एक पाय चपलेत. पंचा मांडीवर, घडी न मोडलेला. हात अजून पुरता गार झाला नव्हता.

मी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. शेजाऱ्यांना हाक मारली. मग पंचा उचलला आणि रस्त्याच्या कडेला आले, कारण पलीकडे कानेदा-सान उभ्या होत्या.

एवढ्या रुंद रस्त्यावरून आवाज जात नाही. मी हाका मारून मारून सांगणारी बाई. लग्नात, बारशात, फोनवर, लिफ्टमध्ये, जिथे दोन माणसं भेटतील तिथे गोष्ट सांगणारी. आणि त्या वेळी माझ्यापाशी सांगायला एक पंचा तेवढा होता. तो वर केला तर त्याचा अर्थ ठीक आहे. हात उचलून एवढंच खोटं बोलायचा मोह मला झाला, निदान पूल उतरून त्यांच्याजवळ पोचेपर्यंत. ट्रक गेले. बस गेली. फट पडली. मी पंचा छातीशी धरून उभी राहिले. हात वर केला नाही.

पलीकडे कानेदा-सानांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

ओन्नींच्या निरोपालाही त्या टॅक्सीनेच गेल्या.

पुढे आम्ही उरायासुला मोठ्या घरात गेलो. मुग्धा पुण्याला परतली. मला नोकरी लागली. कानेदा-सानांकडे वर्षातून एकदोनदा जाणं व्हायचं, कोबीच्या दिवसांत नक्की. लसूण सोलायचो, रेल्वे वरून जायची. पुलाचा विषय निघाला की मी नऊवारीची आणि नथीची गोष्ट सांगायची, दरवेळी एक हॉर्न वाढवून. गोष्ट कचेरीच्या कागदापर्यंत आली की थांबायची.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीत तयार बसल्या होत्या. नव्वदी उलटली आहे. केसांच्या कुरळ्या गुंडाळ्या विरळ झाल्यात, कान मात्र तल्लख.

"पूल गेला," मी म्हटलं.

"आवाज ऐकला," त्या म्हणाल्या. "तू येशील म्हणून थांबले होते. ने मला पलीकडे."

मी खुर्ची ढकलत रस्त्यापाशी आले. बटण दाबलं. ट्रक थांबले. इतक्या वर्षांत ते थांबलेले मी त्या दिवशीच पाहिले. चिवचिवाट सुरू झाला आणि आम्ही पांढऱ्या पट्ट्यांवरून निघालो. सत्तावीस पावलं. बस्स. चिवचिवाट संपायच्या आत आम्ही पलीकडे होतो. कानेदा-सानांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं.

ओन्नींच्या घराच्या जागी आता सायकली लावायचा तळ आहे आणि पेयांची दोन यंत्रं गुणगुणत उभी असतात. मी खुर्ची तिथे नेली, रस्त्याकडे तोंड करून उभी केली, चाकांना ब्रेक लावला. आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसून ते वाक्य बोलले. नाटक नाही, हातवारे नाहीत.

"कानेदा-सान, ती मोजणीची कल्पना माझी होती. माझ्यामुळे सिग्नल झाला नाही. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती."

त्यांनी बराच वेळ एप्रनच्या खिशात चाचपडलं. घडी पडून पडून कापडासारखा मऊ झालेला तो कागद बाहेर काढला. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"सिग्नल हवा होता," त्या म्हणाल्या. "फार हवा होता. नाही म्हणत नाही मी." मग बोट तसंच ठेवून, "पण हे बघ. वृद्ध, दोन. त्या बाईने बरोबर मोजलं. आम्ही दोघी अजून एकत्र आहोत इथे."

कागद परत खिशात गेला. आता पंचा बाहेर आला. निळ्या वाफेच्या रेघा धुऊन धुऊन जवळजवळ पुसल्या गेल्यात. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"आता तू जा तिकडे. माझ्या जागेवर उभी राहा."

"मी? का?"

"ओन्नी रोज इथून मला बघायची. मी तिला कशी दिसत होते, ते मी कधी पाहिलं नाही."

मी एकटी परत निघाले. सत्तावीस पावलं. अलीकडच्या कडेला, जिथे एके काळी भाजीची पिशवी टाकून पळाले होते, तिथे वळून उभी राहिले. सिग्नल लाल झाला, ट्रक सुटले, त्यांच्या आड कानेदा-सान दिसेनाशा झाल्या. वाऱ्याला डिझेलचा आणि कुठल्यातरी घरातल्या लसणाचा वास होता. मग खांबांवरचे भोंगे खरखरले आणि पाचची धून सुरू झाली.

फट पडली. मी पंचा वर केला.

पलीकडे त्या डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होत्या. लहानशा, रुंद, अगदी ओन्नींसारख्या. त्यांनी हात हलवला नाही. नुसत्या बघत राहिल्या. धून संपली. ट्रक आड आले, गेले, पुन्हा आले. चिवचिवाट होऊन माणसं इकडून तिकडे गेली, शाळेची मुलं गेली, दूध घेऊन एक बाई गेली, आणि त्या अजून बघतच होत्या. माझा हात भरून आला होता. मी तो खाली घेतला नाही. सिग्नल किती वेळा हिरवा झाला, ते मी मोजलं नाही.